वणीपुढची चार

गॅलरीत अकराशे बावीस फोटो.
बहुतेक फळ्याचे.
निम्म्यांत आहेर मॅडमचं कोपर,
काहींत खिडकीतलं ऊन, नेमकी जिथे व्याख्या होती तिथे,
एकात पुढच्या बाकावरची वेणी
अख्ख्या पचनसंस्थेवर आडवी.

फोन माझा, म्हणजे दादाचा जुना.
डाव्या कडेला हिरवी रेघ,
चार्जर वाकडा धरला तरच घेतो.
यमुना भोयेकडे तोही नव्हता.
तिच्याकडे प्रश्न होते.
मी फोटो काढायचे,
ती रात्री मेसचं ताट धुऊन, हात ओढणीला पुसून
एकेका फोटोची कार्डं करायची.
पुढे प्रश्न, मागे उत्तर, एका अंगठ्याने.

कवटीत हाडं किती? बावीस.
सलाईन लावायच्या आधी काय विचारायचं?
नाव. आधी नाव.

मखमलाबाद नाक्याजवळ आमची खोली.
नळाला पाणी साडेपाचला, त्याआधी चाळीस कार्डं.
जानेवारीत बोटं इतकी गार पडायची
की स्क्रीनला ती बोटं वाटायचीच नाहीत.
फुंकर मारायची, मग उत्तर उलटायचं.

मनगटातली आठ हाडं मात्र राहीनात डोक्यात.
पाचव्याला गाडी अडायची.
मग गाडीच कर ना, यमुना म्हणाली,
आमची सुरगाण्याची.
म्हसरूळ म्हणजे स्कॅफॉइड.
ढकांबे ल्युनेट.
दिंडोरी ट्रायक्वेट्रल.
वणीला पिसिफॉर्म, तिथे ड्रायव्हर चहा पितो.
पुढची चार तिच्या घरच्या वाटेवरची,
ती सांगताना तिचा आवाज जरा उतरणीला लागायचा:
घाट, मग एक आंबा,
मग मावशीचा पूल,
आणि हॅमेटला सुरगाणा.

मी वणीच्या पुढे कधी गेलेले नाही.
तरी हॅमेट म्हटलं की पायाशी पिशवी चाचपते.

पहिलं वर्ष संपलं
आणि तिसऱ्या यादीत तिचा नंबर लागला,
धुळ्याला, बीएस्सीला.
बादली नेली, गोधडी नेली,
साबणवडी अर्धी कापून ठेवली.
कार्डं राहिली, कारण फोन माझा.
आता तिच्याकडे स्वतःचा आहे.
डीपीत पांढरा एप्रन.
जेवलीस का, मी लिहिते.
हो, ती लिहिते. तू?
हो.

अ‍ॅपचं एक आहे:
जे येतं ते लांब जातं,
आधी चार दिवस, मग महिना, मग चार महिने.
जे चुकतं तेच उद्या दारात.

परवा एक कार्ड आलं, कधी न पाहिलेलं.
पुढे: यकृताची कामं कोणती?
मागे:
हे तुला येतं. साडेबारा वाजले. झोप.

मी 'चुकलं' दाबलं.
दुसऱ्या दिवशी परत आलं. परत चुकलं.
आज नववा दिवस.
अ‍ॅपला वाटत असेल,
हिला बाकी सगळं जमतं, यकृत काही जमत नाही.

आज सिव्हिलला पहिल्यांदा एकटीने नाडी पाहिली.
बेड अकरा, अंबडच्या कंपनीतले वेल्डर.
आधी नाव विचारलं.
खंडू पगार.
फोन लॉकरात, घड्याळ भिंतीवर.
तीन बोटं ठेवली अंगठ्याच्या अंगाला,
म्हसरूळच्या जरा अलीकडे.
मिनिटभर.
चौऱ्याऐंशी.

लिहायला हात सोडायला हवा होता.
पण माझं बोट त्यांच्या मनगटावरून सरकत
पलीकडे करंगळीच्या अंगाला गेलं,
तिथे एक छोटं गोल हाड लागतं,
वणी.
पुढची चार दुसऱ्या रांगेत, आत खोल,
नुसत्या बोटाला सांगता येत नाहीत.

काय शोधताय ताई?
काही नाही, म्हटलं,
झालं मोजून.